दशावतारांचा डाव

मुलांना देवादिकांच्या गोष्टींची गोडी कशी लागते, असे कोणी विचारले तर आमच्या पिढीतील बहुतेक गृहस्थ एकच उत्तर देतील : आजीच्या तोंडून ऐकून. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, हे मला वयाच्या पंचेचाळिशीत, आणि तेही माझ्या सात वर्षांच्या मुलीकडून, समजले. त्या समजण्याची हकीकत आणि त्यानिमित्ताने हाती लागलेला थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझी वकिली बुऱ्हाणपुरास चालते. तापीच्या काठचे हे जुने शहर आज मध्य प्रदेशात असले, तरी येथे मराठी ऐकू येते, हिंदी ऐकू येते, उर्दू ऐकू येते आणि या सर्वांच्या वर दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. आमच्या घरात याखेरीज आणखी एक भाषा आहे. माझ्या मातोश्रींचे माहेर गोव्यातील पेडणे महालात. त्या आमच्याशी मराठीत बोलतात, भाजीवाल्याशी हिंदीत बोलतात. आणि देवापुढे बसल्या, किंवा मन भरून आले, म्हणजे कोंकणीत बोलतात. नातीशी त्या कोंकणीतच बोलत आणि नात त्यांना हिंदीमिश्रित मराठीत उत्तर देई. दिवेलागणीनंतर प्रल्हादाची, ध्रुवाची, गजेंद्राची गोष्ट सांगण्याचा त्यांचा नेम होता. मुलगी ऐके, पण अर्ध्या कानाने. "आजी, ही तू काल सांगितलीस," एवढे म्हणून ती मोबाइलच्या पडद्याकडे वळे. काही महिने असे चालले आणि मग एके दिवशी मातोश्रींनी गोष्टी सांगणेच सोडून दिले. त्यांनी तक्रार केली नाही. त्या फक्त गप्प राहू लागल्या. मला त्या गप्प राहण्याचे वाईट वाटले. परंतु त्यावर कोणता उपाय करावा ते सुचेना.

उपाय आला तो एका लाकडी पेटीतून. आमचे एक आप्त सावंतवाडीस जाऊन आले आणि येताना त्यांनी दशावतारी गंजिफांचा एक संच आणला. पेटीचे सरकते झाकण मुलीने उघडले, तेव्हा आतून गोल गोल, रंगीत, लाखेने चकाकणारी पाने निघाली. एकूण १२० पाने. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने : एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. राजाच्या पानावर त्या अवताराची मूर्ती. बाकीच्या पानांवर त्या अवताराची खूण, जेवढ्या अंकाचे पान तेवढ्या वेळा काढलेली. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, परशुरामाची परशू. खुणा ठिकाणपरत्वे थोड्याफार बदलतात. परंतु अवतार ओळखता यावा, एवढी काळजी प्रत्येक चिताऱ्याने घेतलेली असते.

मुलीने पाने जमिनीवर पसरली. मातोश्री जपमाळ बाजूस ठेवून पुढे सरकल्या, वराहाचे पान उचलून त्यांनी विचारले, "हो कोण, सांग पळोवया?" मुलीला सांगता येईना. त्या दिवशी प्रथम तिला आपले अज्ञान टोचले. कारण ज्याला रंग ओळखता येत नाहीत, त्याला खेळात घेत नाहीत.

गंजिफाचा खेळ दिसतो तितका सोपा नाही. पाने वाटून घ्यावयाची. तिघे बसले तर प्रत्येकाच्या वाट्यास चाळीस पाने येतात आणि लहान मुलाच्या हातात ती मावतसुद्धा नाहीत. एकाने पान टाकावयाचे, इतरांनी पाने टाकावयाची, आणि उतारीच्या रंगातील श्रेष्ठ पान ज्याचे, त्याने तो हात उचलावयाचा. यात हुकूम नाही. राजा सर्वांत मोठा, त्याखालोखाल प्रधान. त्यापुढे मात्र एक गंमत आहे. निम्म्या रंगांत मोठ्या अंकाचे पान मोठे आणि निम्म्या रंगांत उलट, म्हणजे एक्का मोठा व दश्शी सर्वांत लहान. कोणती पाने पडून गेली आणि कोणती अद्याप कोणाच्या हातात आहेत, हे ज्याच्या स्मरणात राहील तो जिंकेल.

या खेळाचा मला सर्वांत आवडलेला नियम पहिल्या उतारीचा. डाव दिवसा मांडला असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा असेल, त्याने खेळास आरंभ करावयाचा. रात्री मांडला असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल, त्याने. मुलीने लगेच विचारले, "असे का?" मी उत्तर देणार होतो, मातोश्रींनी हाताने मला थांबविले आणि त्या नातीला म्हणाल्या, "तूंच सांग." मुलगी बराच वेळ दोन्ही पाने हातांत घेऊन बसली. मग एकदम उठून ओरडली, "आजी, रामाचा पाळणा दुपारी बारा वाजता हलवतात! आणि कृष्णाच्या वेळी तू मला रात्री झोपेतून उठवतेस!"

चैत्र शुद्ध नवमीचा मध्यान्ह आणि श्रावण वद्य अष्टमीची मध्यरात्र. दोन्ही वेळा तिने सुंठवडा खाल्ला होता. परंतु त्या दोन वेळांतील भेद तिला कोणी सांगितला नव्हता. आणि सांगितला असता तरी तो तिच्या ध्यानात राहिला नसता. तो तिने खेळाच्या एका नियमातून स्वतः शोधून काढला. राम सूर्यवंशातला आणि कृष्ण चंद्रवंशातला, असाही या नियमाचा अर्थ लावता येतो, तो मी नंतर तिला सांगितला. पण तिचे तिकडे फारसे लक्ष नव्हते. तिला आता कारागृहाची, यमुनेच्या पुराची, टोपलीतल्या बाळाची गोष्ट हवी होती. मातोश्रींनी ती पूर्वी दहा वेळा सांगितली होती. अकराव्या वेळी ती पुरी ऐकली गेली.

या प्रसंगानंतर मी या खेळाच्या इतिहासाच्या मागे लागलो. धंद्याची सवय अशी की, कोणीही "हे पुरातन आहे" म्हटले की आम्ही पुरावा मागतो. दशावतारी गंजिफा ही वेदकालापासून चालत आलेली वस्तू आहे, असे म्हणावयास आपल्यापैकी अनेकांस आवडेल. परंतु पुरावा वेगळे सांगतो. "गंजिफा" हा शब्दच फारशी वळणाचा. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफांचा संच पाठविला, अशी नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. हिंदुस्थानातील या खेळाची ही फार जुनी नोंद होय. मोगल दरबारात आठ रंगांचा, ९६ पानांचा खेळ रूढ झाला. त्याचे रंग ताज, शमशेर, गुलाम अशा दरबारी नावांचे. अकबराच्या कारकीर्दीत अबुल फजलाने "आईन-इ-अकबरी" लिहिली, तीत बारा रंगांच्या, १४४ पानांच्या दुसऱ्या एका खेळाचेही वर्णन आहे; आणि त्या रंगांची नावे मात्र आपल्या कानास ओळखीची आहेत : अश्वपती, गजपती, नरपती, धनपती, सुरपती, असुरपती, वनपती, अहिपती इत्यादी. म्हणजे खेळ दरबारात शिरताच त्याचे देशीकरण सुरू झाले होते, असे यावरून दिसते.

या देवाणघेवाणीत आमच्या बुऱ्हाणपुराचे स्थान मोठे आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी फारुकी सुलतानांनी वसविलेले हे शहर. अकबराने १६०१ साली असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. तेव्हापासून आग्र्याहून दक्षिणेत येणारी फौज, व्यापारी, कलावंत, फकीर आणि कारकून यांच्या वाटेवरचे हे मुख्य नाके झाले. येथल्या कापडाचे वर्णन फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने सतराव्या शतकात केले आहे. अब्दुल रहीम खानखानान याने दक्षिणेच्या कामगिरीत येथे वर्षामागून वर्षे काढली. कृष्णावर प्रेमाने कविता करणारा हा मोगल सरदार. त्याच्यासाठी १५९७ ते १६०५ या काळात तयार झालेली रामायणाची सचित्र फारसी पोथी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहात आहे. रामकथेची चित्रे एका मुसलमान सरदाराने हौसेने काढवून घ्यावी आणि मोगलांच्या पत्त्यांवर हिंदूंनी आपले अवतार बसवावे, या दोन्ही गोष्टी एकाच काळाच्या हवेतल्या आहेत. पुढे १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर निजामाकडून मराठ्यांकडे आले, हेही येथे नमूद करावयास हवे. कारण उत्तरेतून येणाऱ्या वाटेचे हे दार त्या वेळेपासून मराठी अमलाखाली होते.

खेळाचा सांगाडा परका, त्यात घातलेला जीव आपला, असा माझा निवाडा आहे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उसने घेतलेले भांडे आपल्या चुलीवर चढविले आणि त्यात आपला भात शिजविला, तर तो भात कोणाचा? ताज आणि शमशेर यांच्या जागी मत्स्य आणि कूर्म बसविणाऱ्या कारागिराने नुसती चित्रे बदलली नाहीत. त्याने आठाचे दहा रंग केले, अवतारांचा क्रम पानांत आणला आणि उतारीचा मान राम-कृष्णांस दिला. दरबारातील करमणुकीचे त्याने पुराणपाठात रूपांतर केले.

हे रूपांतर एकाच ठिकाणी झाले नाही. बंगालातील विष्णुपूर येथे मल्ल राजांच्या आश्रयाने दशावतारी पत्ते तयार होत असत. त्यांवर पंडित हरप्रसाद शास्त्री यांनी १८९५ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात टिपण लिहिले. ओरिसात हीच कला वाढली आणि तेथे नवव्या अवताराच्या जागी जगन्नाथ येऊन बसला. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वाडियार यांना तर या खेळाचा एवढा नाद की, त्यांनी नवे नवे प्रकार रचले आणि त्यांतील सर्वांत मोठ्याची पाने ३६० पर्यंत नेली. परंतु आम्हा मराठी-कोंकणी लोकांच्या दृष्टीने या खेळाचे पीठ एकच : सावंतवाडी.

सावंतवाडीची परंपरा असे सांगते की, तिसरे खेम सावंत भोसले यांच्या कारकीर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात, धर्मचर्चेसाठी दरबारात आलेल्या तेलंगणातील पंडितांकडून हा खेळ तेथे माहीत झाला आणि संस्थानच्या चिताऱ्यांनी ती पाने बनविण्याची कला आत्मसात केली. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवावयाचे, वाळवून घोटावयाचे, त्याच्या गोल चकत्या कापावयाच्या, त्यांवर कुंचल्याने चित्रे काढावयाची आणि शेवटी लाखेचा हात द्यावयाचा. एका संचासाठी हे एकशेवीस वेळा करावयाचे.

परंतु दशावतारांनी सावंतवाडीत एवढे पक्के घर का केले, याचे उत्तर दरबारात नाही. ते देवळाच्या आवारात आहे. दक्षिण कोकणात आणि गोव्याच्या उत्तर भागात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पालखी फिरून आली, दीपमाळ पाजळली, की मृदंग घुमू लागतो. प्रथम गणपती, मग रिद्धि-सिद्धि, मग सरस्वती, ब्रह्मदेव. आणि मग काळ्या वेषातील संकासुर. वेद चोरणारा हा शंखासुर रंगभूमीवर येतो तेव्हा मागची मुले आईच्या पदरात तोंड लपवितात. आणि तोच गावच्या बोलीत थट्टा करू लागला म्हणजे तीच मुले पदराबाहेर येऊन हसतात. याच असुरास मारून वेद परत आणण्यासाठी विष्णूने मत्स्यावतार घेतला. आता विचार करा : ज्या मुलाने जत्रेत संकासुर पाहिला आहे, त्याच्या हातात दुसऱ्या दिवशी मत्स्याचे पान पडले, तर ते पान त्याच्या दृष्टीने नुसते माशाचे चित्र राहील काय? रात्री पाहिलेले नाटक दुपारच्या खेळात पुन्हा जिवंत होते आणि दुपारचा खेळ रात्रीच्या कीर्तनाची वाट पाहू लागतो. देऊळ, नाटक, आजी आणि खेळ ही एका मुलाला चारही बाजूंनी वेढणारी एकच शाळा होती.

ही शाळा गंजिफांपूर्वीही होती. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळत बसली आहेत आणि त्यांच्या खाली गण मिळून नंदीची खोडी काढीत आहेत. बाराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या शिल्पकाराला, देवही खेळतो आणि देवाच्या घरीही मुले दंगा करतात, हे दाखविण्यात काही वावगे वाटले नाही. ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात ते पोराबाळांत मिसळून खेळल्याच्या लीळा भक्तांनी आदराने लिहून ठेविल्या. वारकरी संतांनी तर टिपरी, फुगडी, हमामा, विटीदांडू, चेंडूफळी या खेळांवर अभंगच रचले. अंगणातील पोरांचा खेळ आणि गोकुळातील कृष्णाचा खेळ त्यांनी एकाच अंगणात आणला. साप आणि शिड्या यांचा आजचा खेळ हा ज्ञानचौपड किंवा मोक्षपट या जुन्या पटाचा वंशज आहे; त्या पटावर सद्गुणाच्या शिडीने वर जावयाचे आणि दुर्गुणाच्या सर्पाने खाली यावयाचे, आणि शेवटी परमपदी पोहोचावयाचे. आमच्याकडे मोक्षपटाचे कर्तृत्व ज्ञानेश्वरमाउलींकडे देतात. ती श्रद्धा आहे. तिला समकालीन लेखाचा आधार नाही. परंतु असा खेळ करणारा पुरुष ज्ञानेश्वरच असला पाहिजे असे लोकांना वाटावे, यातच आपल्या समाजाने मुलांच्या खेळाला दिलेली किंमत दिसते. विलायतेस गेल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, त्या पटावरील मोक्ष हळूहळू पुसला गेला आणि फक्त शंभरावे घर उरले.

येथे एक हरकत विचारात घेतली पाहिजे, कारण ती माझ्याच घरावर आली. मुलीने काही पाने दप्तरातून शाळेत नेली. तेथल्या एका बाईंनी ती ठेवून घेतली आणि "मुलीला जुगाराची सवय लावू नका" असा निरोप पाठविला. मुलगी रडत घरी आली. मातोश्रींना राग आला. मला मात्र त्या बाईंचा राग आला नाही. द्यूताची भीती आपल्या रक्तातच आहे. पांडवांनी राज्य घालविले ते फाशांवर, आणि ती कथा ज्या समाजाने शतकानुशतके ऐकली, त्याने पत्ते पाहताच दचकावे हे स्वाभाविक आहे. मनूने अचेतन वस्तूंनी खेळतात ते द्यूत आणि सजीव प्राण्यांवर पण लावतात तो समाह्वय, असा भेद करून राजाने दोन्ही बंद करावी, असे सांगितले. याज्ञवल्क्याने मात्र राजाच्या देखरेखीखाली द्यूत चालू देऊन त्यातून राजभाग घ्यावा, असा व्यवहारी मार्ग काढला. दोघांच्याही मनात जो दोष आहे तो पणाचा, खेळाचा नव्हे.

आमच्या न्यायालयांचीही दृष्टी हीच. मध्य प्रदेशात लागू असलेल्या १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याच्या बाराव्या कलमाने निव्वळ कौशल्याचे खेळ त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेविले आहेत. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आंध्र प्रदेशातून रमीचा प्रश्न आला, तेव्हा पडून गेलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, या गोष्टीला न्यायमूर्तींनी महत्त्व दिले आणि रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. एकशेवीस पाने ध्यानात ठेवणाऱ्या गंजिफाच्या खेळाडूला यापेक्षा चांगला साक्षीदार कोठून मिळणार? हे सर्व मी त्या बाईंना लिहिले नाही. मी मुलीला घेऊन शाळेत गेलो आणि बाईंसमोर दहा पाने मांडून तिला बोलावयास सांगितले. तिने मत्स्यापासून आरंभ केला. वामनापर्यंत पोहोचली तेव्हा बाई खुर्ची पुढे ओढून ऐकत होत्या. पाने परत मिळाली; त्याबरोबर, पुढच्या शनिवारी ती सर्व वर्गाला दाखवावी, अशी विनंतीही मिळाली. एक अट मात्र मी आपण होऊन घातली आणि ती घरातही पाळतो : पैशाचाच काय, चिंचोक्याचाही पण लावावयाचा नाही.

एवढा चांगला खेळ मग मेला कसा? त्याला कोणी मारला नाही. तो महाग पडला. एकोणिसाव्या शतकात युरोपातील कारखान्यांत छापलेले बावन पानी पत्ते बाजारात आले. ते स्वस्त होते, खिशात मावत होते आणि त्यांचे नियम चटकन समजत होते. एकशेवीस हातरंगी पानांनी त्यांच्यापुढे कसे टिकावे? संस्थानिकांचा आश्रय गेला आणि चिताऱ्यांची मुले दुसऱ्या धंद्यांकडे वळली. सावंतवाडी संस्थान १९४८ साली विलीन झाले. त्यानंतर काही वर्षांनी अशी वेळ आली की, ही कला जाणणारे पुंडलिक चितारी हे एक वृद्ध गृहस्थ तेवढे उरले. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ही कला त्यांच्याकडून स्वतः शिकून घेतली आणि १९७० च्या सुमारास राजवाड्यातच कारागिरांना बसवून काम पुन्हा सुरू केले. ज्या घराण्याने कारागिरांस आश्रय दिला, त्याच घराण्याने पुढे कारागिराचे शिष्यत्व पत्करावे, ही गोष्ट मला त्या खेळातील उलट्या रंगांसारखी वाटते, जेथे एक्का मोठा आणि दश्शी लहान असते. सावंतवाडीच्या गंजिफांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कायद्याने नाव राखले जाते, हे मी धंद्याने जाणतो. परंतु खेळ राखला जातो तो खेळल्यानेच. काचेच्या कपाटात ठेवलेली गंजिफा सुंदर दिसते. पण तिच्यातील रामाला उतारी करता येत नाही.

आमच्या घरातील संच मात्र कपाटात नाही. त्याच्या कडा आता किंचित झिजल्या आहेत आणि कूर्माची एक सत्ती चहात पडून डागळली आहे. ती सत्ती कोणाकडे आहे हे डागावरून ओळखता येते, म्हणून मातोश्री तिचा फायदा घेतात आणि नात "आजी, लबाडी!" म्हणून ओरडते. सर्वांत मोठा वाद झाला तो नवव्या पानावरून. मुलीने पुस्तकात वाचले होते की नववा अवतार बुद्ध. मातोश्रींनी ठासून सांगितले, "तो आमचो विठोबा!" मी दोघींनाही खरे ठरविले, कारण महाराष्ट्रातील संतांनी आणि जुन्या पंचांगांच्या चित्रकारांनी नवव्या अवताराच्या जागी कटीवर कर ठेवलेला विठ्ठलच पुष्कळ वेळा पाहिला आहे, आणि ओरिसात त्याच जागी जगन्नाथ उभा आहे. आपल्या गावचा देव त्या मालिकेत असावा, ही भक्ताची इच्छा चिताऱ्याने मानली. मुलीला हे फार आवडले. मग तिने आणखी विचारले की तापीमाईचे पान का नाही? तिला उत्तर देणे मला जमले नाही.

या सर्वांतून मला एवढेच उमगले. गोष्ट मुलावर ओतून चालत नाही. मुलाला तिची गरज लागावी लागते. खेळ ती गरज निर्माण करतो. वराह कोण हे ठाऊक नसेल तर हात जातो. कृष्ण केव्हा जन्मला हे ठाऊक असेल तर पहिली उतारी कळते. आमच्या पूर्वजांनी हे ओळखले होते, म्हणून त्यांनी परमुलखातून आलेला खेळसुद्धा दारातून परत पाठविला नाही. त्याला घरात घेऊन पुराण सांगावयास बसविले. आपण मात्र खेळ निराळे केले, गोष्टी निराळ्या केल्या, आणि मग मुले गोष्टी ऐकत नाहीत म्हणून मुलांना दोष देत बसलो. मंदिरांच्या ज्या समित्या मुलांसाठी संस्कारवर्ग चालवितात, त्यांनी एक संच आणून सभामंडपाच्या कोपऱ्यात मांडून पाहावा, अशी माझी नम्र सूचना आहे. उपदेशाची वेळ निम्मी केली तरी चालेल.

परवाचीच गोष्ट. दुपारी मांडलेला डाव लांबला. यंत्रमाग थांबले होते. बाहेर अंधारून आले होते. नवा डाव वाटला गेला आणि सवयीने मी, हातात रामाचा राजा होता म्हणून, पान टाकावयास हात पुढे केला. मुलीने माझा हात धरला. तिने देवघराकडे बोट दाखविले. मातोश्रींनी नुकतीच समई लावली होती.

"बाबा, रात जाली," ती म्हणाली. आणि तिने स्वतःच्या पानांतून कृष्ण काढला.

घरात तिच्या तोंडून आलेले ते पहिले कोंकणी वाक्य. मातोश्री काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपली पाने सारखी केली आणि खेळावयास सुरुवात केली.